दाढ उपटण्यापूर्वी

झाशीत आणि झाशीभोवती पसरलेल्या बुंदेलखंडात जबड्याला सूज आलेला मनुष्य दवाखान्याची पायरी चढला, की पाहणाऱ्याच्या मनात दोनच कारणे उभी राहतात. एक तर दाढ किडली असावी, नाही तर तंबाखू-गुटख्याने घात केला असावा; आणि ही दोन्ही अनुमाने बहुतेक रुग्णांच्या बाबतीत खरी ठरत असल्यामुळे, या दोहोंहून निराळे असे तिसरेही कारण संभवते, याची आठवण ठेवण्याची गरज ना वैद्यांना भासते, ना रुग्णाच्या घरच्यांना. ते तिसरे कारण म्हणजे तोंडाच्या आतील त्वचेत नव्हे, तर खुद्द जबड्याच्या हाडात उगम पावणारा ऑस्टिओसार्कोमा नावाचा कर्करोग होय. तो दुर्मीळ आहे, हे निर्विवाद. परंतु जे त्याच्या तावडीत सापडतात, त्यांचे भवितव्य मोठ्या रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात ठरण्याच्या कितीतरी आधी, गावातल्या दंतवैद्याच्या खुर्चीत, पहिल्या दोन-तीन भेटींतच बव्हंशी ठरून जाते, आणि ते तेथे बिघडू नये यासाठी करावयाची तजवीज फारशी खर्चाची नसूनही आपण ती केलेली नाही, एवढेच मला आज मांडावयाचे आहे.

सर्व शरीरातील हाडे हिशेबात धरली, तरी या कर्करोगाचे प्रमाण दर १० लाख लोकसंख्येमागे वर्षाला ३ ते ४ रुग्णांपलीकडे जात नाही, आणि त्यांतही जबड्यात उद्भवणारे शंभरात ६-७ इतकेच असतात. २०११ च्या खानेसुमारीत झाशी जिल्ह्याची लोकसंख्या २० लाखांच्या आसपास भरली होती. त्या मानाने सबंध जिल्ह्यात असा रुग्ण दोन-तीन वर्षांतून एखादा निघावा. हयातभर दात पाहत आलेल्या दंतवैद्यालाही तो कदाचित एकदाही भेटणार नाही. म्हणूनच प्रत्येक दंतवैद्याने हा रोग पाहताक्षणी ओळखावा, अशी अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते. ज्याचे दर्शन कधी घडलेच नाही, त्याची ओळख मनुष्य कशी ठेवणार? अपेक्षा करावयाची ती वेगळीच आणि पुष्कळ माफक आहे: जे एकदा केल्यावर माघारी फिरवता येत नाही, असे काही करण्यापूर्वी हाडाचे चित्र पाहावे, आणि चित्रात किंवा रुग्णाच्या सांगण्यात काही विपरीत आढळले, तर हात आवरावा.

विपरीत म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगणे सोपे जाईल. आमच्या परिचयाच्या एका घरातील, तिशी नुकतीच ओलांडलेल्या तरुणाची खालच्या जबड्यातील उजवीकडची दाढ हलू लागली. दाढेला कीड नव्हती, हिरड्या धडधाकट होत्या, आणि या वयात निरोगी हिरडीतली निरोगी दाढ विनाकारण हलत नाही, हा साधा विचार त्या वेळी कोणालाच सुचला नाही. त्याच सुमारास एके सकाळी दाढी करताना वस्तरा खालच्या ओठाखाली लागला आणि रक्त हनुवटीवरून गळ्यापर्यंत ओघळले. ते त्याला आरशात दिसले, पण कातडीला काही कळले नाही. चहा पिताना उजव्या कोपऱ्यातून थेंब गळत असे, तोही बायकोने सांगितल्यावर त्याच्या ध्यानात येई. या गोष्टी त्याने दंतवैद्याला सांगितल्या नाहीत, कारण त्यांचा दाढेशी काही संबंध असेल, असे त्याला वाटले नाही. आणि दंतवैद्याने त्या विचारल्या नाहीत. दाढ उपटली गेली. जखम भरून येण्याऐवजी त्या खळग्यातून लालसर मांस वर येऊ लागले. प्रतिजैविकांच्या गोळ्या झाल्या, त्या बदलून दुसऱ्या झाल्या, शेजारची दाढही गेली, आणि अशा रीतीने पाच महिने उलटल्यावर कोणा एकाच्या आग्रहाखातर जबड्याचा पहिला एक्स-रे निघाला.

त्या पाच महिन्यांतील सर्वांत बोलके लक्षण हलणारी दाढ नव्हे, बधिर ओठ हे होते. खालच्या जबड्याच्या हाडातून एक बारीक बोगदा जातो, त्यातून दातांना आणि पुढे हनुवटीजवळ बाहेर पडून खालच्या ओठाला संवेदना पुरवणारी नस जाते. दाढेच्या मुळाशी पू झाला, तर वेदना होतात, चेहरा सुजतो, ताप येतो. क्वचित पू नसेवर दाबून ओठ बधिर होतोही, परंतु दाढेची व्याधी बरी होताच तो पूर्ववत होतो. कोणतीही इजा झाली नसताना, दाढ काढण्याची सुई टोचलेली नसताना ओठाचा अर्धा भाग बधिर झाला आणि तसाच राहिला, तर हाडाच्या आत काहीतरी त्या नसेला ग्रासत आहे, असे धरून चालले पाहिजे. कापसाचा बोळा ओठावरून फिरवून डोळे मिटलेल्या रुग्णाला "लागते का?" म्हणून विचारणे, ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. तिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, पैसा लागत नाही.

एक्स-रेची गोष्टही अशीच. दोन्ही जबडे एका फिल्मवर दाखवणारा, दंतवैद्य ज्याला ओपीजी म्हणतात, तो एक्स-रे आज झाशीसारख्या शहरात सहज निघतो. वाढलेल्या रोगात त्या फिल्मवर हाडातून बाहेर फेकल्या गेलेल्या किरणांसारख्या रेघा दिसतात आणि त्या पाठ्यपुस्तकांतून प्रसिद्ध आहेत. परंतु त्या दिसेपर्यंत पुष्कळ काळ गेलेला असतो. याहून मोलाची खूण अमेरिकेतील गॅरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली जबड्याच्या ५६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध करून जगाच्या नजरेस आणली. दाताचे मूळ आणि त्याला धरून ठेवणारे हाड यांच्यामध्ये फिल्मवर एक बारीक काळी रेघ असते. ती एखाद-दुसऱ्या दाताभोवती सर्व बाजूंनी सारखीच रुंद झालेली आढळली, तर हाडातील या अर्बुदाचा संशय घ्यावा, कारण अर्बुद पहिल्यांदा त्याच फटीतून वाट काढत असते. हिरड्यांच्या जुनाट रोगातही ती रेघ रुंदावते, पण वरून खाली, वेडीवाकडी आणि बहुधा अनेक दातांभोवती. ही खूण दुसऱ्याही काही विकारांत दिसते, त्यामुळे तिच्यावरून निदान होत नाही. परंतु दाढेला हात लावण्यापूर्वी थांबण्यास ती पुरेशी आहे.

दंतवैद्याच्या खुर्चीचे हे महत्त्व मी वाढवून सांगत आहे, असे कोणास वाटू नये. न्यू जर्सीतील घड्याळांच्या कारखान्यात रेडियमचा चकाकणारा रंग देणाऱ्या मुली ब्रशचे टोक ओठांत धरून अणकुचीदार करीत, आणि काही वर्षांनी त्यांचे दात पडू लागले, दात काढलेल्या जखमा भरेनात, जबडे सडू लागले. कारखान्याच्या अंगणात हे घडत असताना त्याचा संबंध रेडियमशी जोडून १९२४ साली ते वैद्यकीय वाङ्मयात प्रथम नमूद केले, ते न्यूयॉर्कच्या थिओडोर ब्लम या दंतचिकित्सकाने. पुढे नेवार्कचे शवचिकित्सक हॅरिसन मार्टलंड यांनी त्या मुलींच्या हाडांत उद्भवलेल्या सार्कोमाचे वृत्तांत १९२९ साली प्रसिद्ध केले आणि हाडात साठलेल्या किरणोत्सर्गाने कर्करोग होतो, हे जगाने मान्य केले. एका न भरणाऱ्या जखमेकडे एका मनुष्याने निरखून पाहिले, तेथून हे सारे सुरू झाले.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. या रोगाचा तंबाखूशी संबंध नाही. पूर्वी दुसऱ्या कारणासाठी त्या भागाला दिलेले किरणोपचार, पेजेट नावाचा हाडांचा विकार, काही आनुवंशिक दोष, ही त्याची ज्ञात कारणे. आणि बहुतेक रुग्णांत यांपैकी एकही सापडत नाही. हात-पायांच्या लांब हाडांत तो ऐन वाढीच्या वयातील मुलांना गाठतो, जबड्यात मात्र बहुधा तिशी-चाळिशीतल्या कर्त्या माणसाला. मी हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्याकडे जबड्याच्या गाठीचे नाव निघाले, की घरातलेच लोक त्या माणसाकडे संशयाने पाहू लागतात, गुटखा लपवून खात होतास का, असे विचारू लागतात, आणि आधीच खचलेला मनुष्य न केलेल्या अपराधाची कैफियत देत बसतो. उत्तर प्रदेशात गुटख्यावर २०१३ पासून बंदी आहे; ती अंमलात किती आली, हे पानाच्या प्रत्येक टपरीवर दिसते, आणि तोंडाच्या कर्करोगाने या प्रदेशाचे जे नुकसान केले आहे, त्याविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु म्हणूनच गुटख्याचा कर्करोग आणि हाडाचा कर्करोग यांची गल्लत होता कामा नये. पहिला मानेच्या गाठींत पसरतो, म्हणून शस्त्रक्रियेत मानेच्या गाठीही काढाव्या लागतात. दुसरा तेथे क्वचितच जातो, तो रक्तावाटे फुप्फुसांत जातो, म्हणून त्याच्या रुग्णाच्या छातीचा सीटी स्कॅन आधी झाला पाहिजे. पहिल्यावर किरणोपचार चांगले लागू पडतात, दुसऱ्यावर फारसे नाहीत. नाव चुकले, की उपचारही चुकतो.

आणि नाव चुकण्याची खरी जागा म्हणजे बायॉप्सी. जबड्यातून काढलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून प्रयोगशाळेत पाठवतात. हाड कठीण असल्यामुळे त्याचे पातळ काप काढण्याआधी ते आम्लात ठेवून मऊ करावे लागते, आणि त्यात दिवस जातात. ते दिवस जाऊ द्यावेत, कारण घाई केल्यास नमुना खराब होतो. दिवस जाण्याने होत नाही तेवढे नुकसान बाटलीसोबतच्या चिठ्ठीने होते. त्या चिठ्ठीवर बहुधा रुग्णाचे नाव, वय आणि "जबड्याची गाठ" एवढेच लिहिलेले असते. सूक्ष्मदर्शकाखाली या अर्बुदाचे काही भाग फायब्रस डिस्प्लेसियासारख्या निरुपद्रवी विकारांसारखे दिसतात. वरवरचा तुकडा घेतला असेल, तर त्यात नुसती सुजलेली हिरडी सापडते. आणि एक्स-रे न पाहता अहवाल लिहिणारा पॅथॉलॉजिस्ट, कितीही निष्णात असला तरी, जे समोर आहे तेच लिहिणार. मी वर ज्या तरुणाविषयी लिहिले, त्याचा पहिला अहवाल निरुपद्रवी म्हणून आला होता. त्याच नमुन्याची काच हाडांची अर्बुदे नित्य पाहणाऱ्याच्या हाती एक्स-रेसह गेली, तेव्हा अहवाल फिरला. हाडाच्या गाठीचे निदान रुग्णाला तपासणारा, चित्रे वाचणारा आणि काच पाहणारा, या तिघांनी एकत्र बसून करावयाचे असते, हा या शास्त्राचा जुना आणि कसोटीस उतरलेला नियम आहे. तो पाळला जात नाही, तेव्हा निरुपद्रवी म्हणून ठरवलेली गाठ गावातच खरवडून काढली जाते आणि अर्बुदाच्या पेशी शेजारच्या निरोगी मांसात मिसळून जातात. त्यानंतर कोणत्याही मोठ्या शल्यवैद्याला गाठीची खरी सीमा सापडत नाही.

ही सीमाच सर्वस्व आहे. जबड्यातील ऑस्टिओसार्कोमा पायाच्या हाडातल्या आपल्या भावंडापेक्षा फुप्फुसांत कमी आणि उशिरा पसरतो. रुग्ण दगावतात ते अधिक करून त्याच जागी रोग पुन्हा उलटल्यामुळे. म्हणून गाठीसोबत भोवतालचे दीड-दोन सेंटिमीटर निरोगी हाड आणि मांस पहिल्याच शस्त्रक्रियेत काढणे, हा उपचाराचा कणा. खालच्या जबड्यात ते पुष्कळदा साधते. वरच्या जबड्यात डोळा आणि कवटीचा तळ लगत असल्यामुळे कठीण जाते. लांब हाडांच्या बाबतीत केमोथेरपीने क्रांती केली: १९७० पूर्वी केवळ शस्त्रक्रियेने पाचांतला एकही रुग्ण मुश्किलीने वाचे, आता रोग पसरण्यापूर्वी गाठलेल्यांपैकी तिघांत दोघे वाचतात, आणि या उपचाराचा निर्णायक पुरावा अमेरिकेतील एका चाचणीने १९८६ साली दिला. जबड्याच्या रोगात तिचा लाभ किती, यावर तज्ज्ञांत अद्याप मतभेद आहेत, कारण इतक्या थोड्या रुग्णांवर मोठी चाचणी उभी राहूच शकत नाही. अनेक केंद्रांत ती शस्त्रक्रियेच्या आधी किंवा नंतर देतात. याविषयीचा निर्णय रुग्णाच्या गावी एकट्या-दुकट्याने घ्यावयाचा नसतो.

जबडा काढला म्हणजे माणूस विद्रूप झाला, अन्नाला मुकला, ही भीती मात्र आता बाळगण्याचे कारण नाही, आणि ही भीतीच पुष्कळांना घरी बसवते म्हणून तिच्याविषयी दोन शब्द लिहितो. पोटरीत नडगीच्या बाहेरच्या बाजूस फिब्युला नावाचे बारीक हाड असते. शरीराचा भार मुख्यत्वे नडगीच पेलते, त्यामुळे त्याचा बराचसा भाग काढला तरी मनुष्य चालतो. ते हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसह काढून, योग्य ठिकाणी कापून जबड्याच्या वळणाचे करून, त्याच्या रक्तवाहिन्या मानेतील रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडण्याची रीत हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केली आणि भारतातल्या मोठ्या केंद्रांत ती आता नित्याची झाली आहे. त्या हाडात पुढे दातही बसवता येतात. आमचा तो तरुण आज नोकरीवर आहे; जोरात चालताना थोडा लंगडतो, भाकरी कुस्करून खातो, आणि फोनवर बोलताना त्याचे शब्द कोणाला दोनदा विचारावे लागत नाहीत.

तो वाचला, यात त्याच्या घराण्याचा एक भाग आहे, हे मला सांगितलेच पाहिजे. नारो शंकर सुभेदार होऊन आला, त्या अठराव्या शतकापासून येथे वस्तीस आलेली मराठी घराणी अजून झाशीत आहेत. बुंदेलीची लकब त्यांच्या मराठीत मुरली असली, तरी त्यांचा कोणी आते-मामेभाऊ पुण्यास असतो, कोणी दादरला असतो. पंजाब मेलने अकराशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जावयाचे ठरले, तेव्हा उतरावयाचे कोठे, हा प्रश्न त्याला पडला नाही. मऊरानीपूरच्या किंवा ललितपूरच्या शेतमजुराला तोच प्रश्न पहिला पडतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती हे या गाडीतून उतरणाऱ्या कर्करुग्णांचे मोठे आधार आहेत, आणि महाराष्ट्राने केलेल्या उपकारांत त्यांची गणना झाली पाहिजे. तरी १९४१ साली उघडलेल्या त्या रुग्णालयाभोवतालच्या पदपथांवर सामान उशाशी घेऊन झोपलेली कुटुंबे ज्याने पाहिली आहेत, तो प्रत्येक रुग्णाला मुंबईस जा म्हणून सहज सांगणार नाही. रेल्वे कर्करुग्णाला आणि त्याच्या सोबत्याला भाड्यात सवलत देते, हे सुद्धा तिकीट काढून झाल्यावर अनेकांना कळते.

झाशीचा भूगोलही विचित्र आहे. जिल्हा उत्तर प्रदेशाचा, पण पश्चिमेस आणि दक्षिणेस मध्य प्रदेशाला लागलेला. दतिया, निवाडी, टीकमगढ येथील माणसे औषधपाण्यासाठी झाशीस येतात, आणि झाशीची माणसे शंभर किलोमीटरांवरील ग्वाल्हेरच्या कर्करोग रुग्णालयात जातात. राजधानी लखनौ मात्र तीनशे किलोमीटर दूर. २०१८ पासून आयुष्मान योजनेचे कार्ड राज्याच्या सीमेपलीकडेही चालते, तेव्हा कागदोपत्री अडचण उरू नये. परंतु कोणत्या रोगासाठी कोठे जावे, हे सांगणारा कोणी नसेल, तर कार्ड खिशात घेऊन मनुष्य दिशाहीन फिरत राहतो. हे सांगण्याची जागा झाशीतच आहे, आणि ती म्हणजे १९६८ साली स्थापन झालेले महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय. तेथे फिब्युलाची शस्त्रक्रिया उद्याच सुरू व्हावी, असे माझे म्हणणे नाही. जे काम वर्षातून एकदाही येणार नाही, ते करण्याची हौस धरणे रुग्णाच्या हिताचे नाही; हे काम नित्य करणाऱ्यांच्याच हाती ते गेले पाहिजे. माझे म्हणणे इतकेच, की आठवड्यातून एक वेळ मुक्रर करून दंतचिकित्सा, शल्यचिकित्सा, क्ष-किरण आणि पॅथॉलॉजी या विभागांनी जबड्याच्या संशयित गाठी एकत्र पाहाव्यात, आणि शहरातील व तहसिलीतील प्रत्येक दंतवैद्याला कळवावे, की निरोगी हिरडीत हलणारी दाढ, बधिर ओठ किंवा न भरणारा खळगा दिसल्यास दाढ न काढता, गाठीला चीर न देता, रुग्णाला त्याच दिवशी इकडे पाठवा. पुढचा सल्ला घेण्यासाठी राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातून मुंबईच्या तज्ज्ञांचे मत दूरस्थ मिळू शकते. त्यासाठी रुग्णाला गाडीत बसवण्याची गरज नाही.

कोणी म्हणेल, दोन-तीन वर्षांतून एका रुग्णासाठी एवढा खटाटोप कशाला, गुटख्याचे रुग्ण रोज येत आहेत त्यांच्याकडे पाहा. परंतु हा बंदोबस्त त्या रोज येणाऱ्यांनाही लागणारच आहे. बधिर ओठ आणि न भरणारी जखम तोंडाच्या कर्करोगातही दिसते, एक्स-रे न काढता उपटलेली दाढ त्यालाही भोवते, आणि एकत्र बसून काच पाहणाऱ्या तिघांचा उपयोग त्यालाही होतो.

राहता राहिली ती काच. बायॉप्सीनंतर मेणात बसवलेला नमुना, ज्याला ब्लॉक म्हणतात, त्याच्या काचपट्ट्या आणि एक्स-रेच्या मूळ फिल्मा दुसऱ्या रुग्णालयात नेण्यासाठी रुग्णाचे नातलग मागू लागले, म्हणजे अर्ज लिहा, शिफारस आणा, साहेब आल्यावर या, अशा दिरंगाईत आठवडे जातात. आणि त्या हाती न पडल्यास नव्या ठिकाणी पुन्हा चीर, पुन्हा आम्ल, पुन्हा प्रतीक्षा. या वस्तू मागितल्या त्याच दिवशी, पावती घेऊन, रुग्णाच्या हवाली कराव्यात, असा हुकूम जिल्ह्याच्या मुख्य चिकित्सा अधिकाऱ्यांनी सर्व सरकारी व खासगी प्रयोगशाळांना काढावा. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, नवे पद लागत नाही, आणि अंदाजपत्रकात तरतूदही करावी लागत नाही.